गिरिराजची मऊ कवचाची अंडी: औषध थांबलं की पुन्हा तेच का होतं?

तक्रार साधारण अशी असते. परसात सहा-आठ कोंबड्या आहेत, खाऊन-पिऊन ठणठणीत आहेत, तुरा लालभडक आहे, पण मधूनच एखादं अंडं असं मिळतं की उचलताना बोट आत जातं. कधी कवचच नसतं, नुसत्या पांढऱ्या पापुद्र्यात बलक हलत असतो. दुकानातून कॅल्शियमचं औषध आणून पाण्यातून दिलं की आठ-दहा दिवस बरे जातात. बाटली संपली की अंडी परत मऊ. मग कुणी सांगतं चुन्याची निवळी द्या, कुणी शेवगा, कुणी नाचणी. सगळं करून होतं आणि अडचण जिथल्या तिथे.

ही अडचण देशी कोंबडीपेक्षा गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया अशा सुधारित जातींमध्ये जास्त दिसते. त्यातच अर्धं उत्तर आहे.

आधी हे तपासा

तलंगेची, म्हणजे नुकतीच अंड्यावर येणाऱ्या तरुण कोंबडीची, पहिली दोन-चार अंडी वेडीवाकडी, मऊ, कधी दोन बलकांची निघतात. ती आपोआप सुधारतात. रात्री कुत्रं किंवा मुंगूस खुराड्याशी आलं, लग्नात फटाके वाजले, तर दुसऱ्या दिवशी एखादं अंडं बिनकवचाचं पडू शकतं, कारण कवच पुरतं चढायच्या आतच ते बाहेर येतं. दोन वर्षांच्या पुढच्या कोंबडीची अंडी मोठी होतात आणि कवच पातळ. तेवढाच चुना मोठ्या अंड्यावर पसरायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार? यातलं काहीच नसेल आणि मऊ अंडी दर आठवड्याला येत असतील, तर पुढचं वाचा.

कोणती कोंबडी असं अंडं घालते ते माहीत नसेल तर आधी शोधा. सकाळी एकेकीला वेगळ्या डालग्याखाली ठेवलं की दोन-तीन दिवसांत कळतं. एकटीच असेल तर बहुधा दोष तिच्यात आहे. निम्म्या कळपात असेल तर दोष ताटात आहे, आणि बहुतेक वेळा तो तिथेच असतो.

ताटाचा हिशेब

अंड्याचं कवच पाच-सहा ग्रॅम भरतं आणि ते जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट असतं. म्हणजे एका अंड्यामागे दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम कोंबडीच्या अंगातून जातं. खाल्लेल्यापैकी साधारण निम्मंच अंगी लागतं, म्हणून अंडं घालायच्या दिवशी पोटात चारेक ग्रॅम जायला हवं. कोंबडी दिवसाला खाते 100 ते 120 ग्रॅम. लेयर खाद्यात, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीच्या तयार खाद्यात, कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के ठेवतात ते याच हिशेबाने.

आता आपण काय टाकतो ते बघा. तांदळाची कणी, उरलेला भात, भाकरीचे तुकडे, मक्याचा भरडा. शंभर ग्रॅम तांदळात कॅल्शियम दहा मिलिग्रॅमच्या आसपास. हवेत चार हजार, मिळाले दहा. मका त्याच रांगेतला. भाताचा कोंडा जास्त टाकला तर उलटच, कारण त्यात फायटेट भरपूर असतं आणि ते असलेलं कॅल्शियमही बांधून ठेवतं.

बाहेर चरताना गोगलगायी, किडे, जुन्या भिंतीचा चुना, उकिरड्यावरची हाडं टोचून कोंबडी थोडंफार मिळवते. देशी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी घालणार, त्यातही बारा-पंधरा घातली की खुडूक बसणार. त्या विश्रांतीत तिच्या हाडांतला साठा भरून निघतो. गिरिराज वर्षाला साधारण 130 ते 150 अंडी घालते, ग्रामप्रिया त्याहून जास्त, आणि या जाती सहसा खुडूक बसत नाहीत. "आमच्या आजीनं कोंबड्यांना कधी काही वेगळं दिलं नव्हतं" हे म्हणणं खरंच आहे. पण आजीच्या कोंबडीला दुप्पट अंडी घालायची नव्हती.

आता घरगुती उपाय एकेक करून याच तराजूत टाकू.

चुन्याची निवळी: चुना पाण्यात फार विरघळत नाही, एका लिटरमध्ये दीड-पावणेदोन ग्रॅम. त्यातलं कॅल्शियम एक ग्रॅमच्याही आतच. कोंबडी दिवसाला पाव लिटर पाणी पिते, म्हणजे निवळीतून तिला पाव ग्रॅमही मिळत नाही. शिवाय चव तुरट लागल्याने पाणीच कमी पितात आणि पाणी कमी झालं की अंडी कमी. खालचा दाट चुना खाद्यात कालवणारेही आहेत. ते अजिबात करू नका. विझवलेला चुना दाहक असतो, चोच-घसा-अन्ननलिका भाजते.

नाचणी: धान्यांमध्ये कॅल्शियम सर्वांत जास्त हे खरं. पण ते शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. दिवसभर नुसती नाचणीच खाल्ली तरी गरजेचा दहावा हिस्सा.

शेवग्याचा पाला: ओल्या पाल्यात शंभर ग्रॅमला तीनशे ते साडेचारशे मिलिग्रॅम. कोंबडी खाणार वीस-पंचवीस ग्रॅम. म्हणजे जेमतेम शंभर मिलिग्रॅम. पाला जरूर द्या, बलक त्यानेच केशरी होतो, जीवनसत्त्वं मिळतात. कवचासाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका. पालकात तर ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम अडकवतं.

औषधाच्या बाटलीवर प्रति मिलीलिटर किती कॅल्शियम लिहिलंय ते वाचा, रोजच्या मात्रेने गुणा आणि चार ग्रॅमशी ताडून बघा. अशक्त कोंबडीला चार दिवस आधार द्यायला ती ठीक आहे. पण बाटली थांबली आणि ताट तेच राहिलं, तर अंडीही तीच राहणार.

राहिले शिंपले, चुनखडी आणि अंड्यांची कवचं. यांत कॅल्शियम 36 ते 40 टक्के. पाच ग्रॅम शिंपल्याच्या चुऱ्यात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आलं. बाकीचं खाद्य जरा बरं असेल आणि कोंबडी मोकळी चरत असेल, तर एक-दोन चहाचे चमचे पुरतात. नैसर्गिक पद्धतीने कवच घट्ट करायचं असेल तर रस्ता हा एकच आहे आणि तो सर्वांत स्वस्तही आहे.

कसं द्यायचं

नेमकं इथेच बहुतेकांचं फसतं. वस्तू बरोबर आणतात आणि वस्त्रगाळ पूड करून खाद्यात कालवतात.

कवच चढायला वीसेक तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्री होतो, कोंबडी झोपलेली आणि पोट रिकामं होत चाललेलं असताना. पूड असेल तर ती सकाळीच आतड्यातून पुढे गेलेली असते. मग रात्री कोंबडी पायांच्या हाडांतलं कॅल्शियम काढून कवच बनवते. चुरा जाडसर, तूरडाळीच्या आकाराचा असेल, तर तो दळणीत, म्हणजे धान्य भरडणाऱ्या पोटाच्या भागात, अडकून राहतो आणि रात्रभर हळूहळू विरघळतो. म्हणून जाड चुरा, आणि तोही दुपारनंतर. संध्याकाळी चार-पाचला वाटी भरून ठेवली की अंडं घालणाऱ्या कोंबड्या स्वतःहून तिकडे वळतात, हे बघण्यासारखं असतं. ज्या कोंबडीला दुसऱ्या दिवशी अंडं घालायचंय ती आठ-दहा तुकडे निवडून टिपते. खुडूक बसलेली किंवा पिसं गाळणारी तोंड लावून निघून जाते.

म्हणूनच वाटी वेगळी ठेवायची, खाद्यात मिसळायचं नाही. कळपात कोंबडा असतो, पिल्लं असतात. त्यांना एक टक्का कॅल्शियम पुरतं. सक्तीने जास्त गेलं तर पिल्लांचे मूत्रपिंड बिघडतात. हाच नियम लेयर खाद्यालाही: पिल्लांपुढे आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांपुढे ते ठेवू नका.

कोकणात शिंपले विकत घ्यायची गरजच नाही. तिसऱ्यांचं कालवण झालं की कवचं गोळा करा, मीठ-मसाला निघेपर्यंत धुवा, दहा मिनिटं उकळा, उन्हात कडक वाळवा. मग गोणपाटात गुंडाळून दगडी पाट्यावर ठेचा. वरवंट्याने वाटू नका, पूड होते. चाळणीने चाळून खाली पडलेली पूड बागेत टाका, वरचे तुकडे कोंबड्यांना. कालवांची कवचं जाड असतात, हातोडी लागते, पण पोटात जास्त वेळ टिकतात. किनाऱ्यावरचे शिंपले आणले तर पाणी बदलून दोन-तीनदा भिजवा, नाहीतर मीठ जातं आणि कोंबड्या पातळ हगतात.

देशावर, विदर्भात कोंबडी खाद्याच्या दुकानात शिंपल्याची किंवा चुनखडीची ग्रिट सुटी मिळते. घेताना एकदा तपासा. चार खडे वाटीत घेऊन वर लिंबू पिळा. चांगला फेस आला तर कॅल्शियम कार्बोनेट आहे. काहीच झालं नाही तर ती गारगोटी किंवा खडी. ती दळणीत धान्य भरडायला कामाची, कवचाला नाही. कुठे कुठे डोलोमाईटचे खडे देतात, त्यांचा फेस अगदी मंद येतो. त्यात मॅग्नेशियम जास्त असतं, ते नको.

अंड्यांची कवचं घरचीच असतात. धुऊन, तव्यावर कोरडी भाजून, चुरून द्या. भाजल्याने जंतू मरतात आणि कच्च्या अंड्याचा वास जातो. अर्धं कवच तसंच्या तसं अंगणात फेकू नका. कोंबडीला अंड्याची ओळख पटते आणि ती पुढे आपलीच अंडी फोडायला लागते. त्याबद्दल खाली सांगितलं आहे.

वाटी सुरू केल्यावर आठवडा ते दहा दिवसांत फरक दिसायला हवा. कवच घट्ट झालं म्हणून वाटी उचलू नका. अंडी चालू आहेत तोवर ती कोपऱ्यात कायम राहू दे.

एखादी कोंबडी सकाळी उठता येत नाही म्हणून बसूनच असेल, डोळे तरतरीत पण पायांत जोर नाही, तर हाडांतला साठा संपला असं समजा. तिला वेगळी, सावलीत ठेवा, पाणी चोचीजवळ आणून द्या. तिच्यासाठी ते बाटलीतलं औषध खरंच उपयोगाचं आहे.

वाटी ठेवूनही फरक पडला नाही तर

पहिला संशय पावसाळ्यावर. जून ते सप्टेंबर कोंबड्या खुराड्यात कोंडलेल्या असतात, ऊन अंगावर पडत नाही. कॅल्शियम आतड्यातून रक्तात जायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि कोंबडी ते उन्हात, मुख्यतः पायांच्या उघड्या कातडीत तयार करते. ते नसेल तर शिंपले खाल्ले तसे विष्ठेतून निघून जातात. पाऊस उघडला की अर्धा तास का होईना, बाहेर सोडा. सलग झड लागली असेल तर तारलीसारख्या तेलकट मासळीची डोकी उकडून, कुस्करून आठवड्यातून दोन-तीनदा द्या, त्यात ड जीवनसत्त्व असतं. रोज नको, अंड्याला हिवस वास येतो आणि घरची माणसं अंडी खायची सोडतात.

पावसाळ्यातलंच दुसरं कारण म्हणजे बुरशी. दमट मका आणि जुनी शेंगदाणा पेंड यांवर जी बुरशी धरते तिचं विष यकृत खराब करतं, आणि ड जीवनसत्त्व कामाला येण्यासाठी यकृत धड असावं लागतं. "माणसांना चालत नाही, कोंबड्यांना घाला" म्हणून बुरशीची भाकरी टाकण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ती बंद करा. पेंड थोडी थोडी आणा, वास घेऊन घ्या, ढेकळं झालेली घेऊ नका.

उन्हाळ्यात कारण वेगळं. चंद्रपूर, नागपूर, जळगावकडे पारा 44-45 वर गेला की कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकते. धापांबरोबर अंगातला कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त बाहेर जातो, आणि कवचाला कार्बोनेट लागतं ते तिथूनच यायचं असतं. शिवाय भूक मरते. इथे शिंपले वाढवून उपयोग नाही. माठातलं गार पाणी दिवसात दोन-तीनदा बदला, खुराड्यावर ओलं गोणपाट टाका, खाद्य पहाटे आणि दिवेलागणीला द्या. भर दुपारी खाद्य घालू नका, पचवताना अंगात उष्णता वाढते.

तिसरं, पिसवा आणि गोचीड. यांतल्या काही दिवसा दिसतच नाहीत. रात्री बॅटरी घेऊन बसण्याच्या दांडीच्या फटी बघा. रक्त कमी झालेल्या कोंबडीचा तुरा फिका पडतो आणि अंडीही कमी होतात. राख आणि कोरडी माती यांचा खड्डा करून दिला की कोंबड्या त्यात लोळून अंगावरच्या उवा बऱ्याच कमी करतात. फटींतल्या किड्यांना मात्र राखेने काही होत नाही. खुराडं रिकामं करून फटींत उकळतं पाणी ओतावं लागतं.

आणि प्रथिनं. कवच घट्ट झालं, पण अंडीच कमी झाली, अशी तक्रार असेल तर ती कॅल्शियमची नाही. अंड्यावरच्या कोंबडीला 16 ते 17 टक्के प्रथिनं लागतात. तांदळात आहेत सात-आठ. मोकळ्या चरणाऱ्या कोंबड्यांसाठी दहा वाट्यांचं मिश्रण असं चालतं: सहा वाट्या मका-ज्वारी-बाजरीचा भरडा, दोन वाट्या सोयाबीन पेंड, दीड वाटी कोंडा, अर्धी वाटी बिनमिठाच्या सुकटीची कुटी. पेंडीऐवजी कच्चं सोयाबीन दळून घालू नका, त्यातला घटक प्रथिनांचं पचन अडवतो, भाजून मगच. वाळवी फुकट मिळते. माठात जुनं गोणपाट, पेंढा, वाळलेलं शेण भरा, ओलं करा, वारूळ नसलेल्या पण वाळवी दिसणाऱ्या जागी उपडा ठेवा आणि सकाळी उचलून कोंबड्यांपुढे झाडा. अझोलाचं कौतुक जरा जास्तच झालंय. वाळवलेल्या अझोलात प्रथिनं वीस-पंचवीस टक्के हे खरं, पण ओल्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. मूठभर ओला अझोला म्हणजे जेमतेम एक-दीड ग्रॅम प्रथिन. हिरवा पाला म्हणून द्या, पेंड बंद करून देऊ नका.

घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे कधी

सगळ्याच कोंबड्यांची अंडी एकाच आठवड्यात मऊ किंवा फिकी झाली आणि संख्या निम्म्यावर आली, तर तो रोग असण्याची शक्यता मोठी. शिंका, घरघर आणि सुरकुतलेली अंडी, फोडल्यावर पांढरं पाण्यासारखं पातळ, ही श्वासनलिकेच्या संसर्गजन्य आजाराची खूण. कोंबड्या दिसायला ठणठणीत पण अंडी बिनकवचाची, आणि घरात बदकं आहेत किंवा दोघांचं पाणी एकच आहे, तर बदकांकडून येणाऱ्या विषाणूचा विचार करावा लागतो. बदकांचं पाणी लगेच वेगळं करा. मान वाकडी, हिरवट हगवण, पाठोपाठ मर हे मानमोडीचं लक्षण. तिला उपाय नाही, लसच घ्यावी लागते: पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा, पुढे दोन महिन्यांच्या सुमारास आरटूबी. लसूण-हळदीने मानमोडी टळते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर मेलेल्यांना हात लावू नका, कुणाला देऊ नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा. 1962 हा त्यांचा टोल-फ्री नंबर आहे. भारतातला पहिला बर्ड फ्लू 2006 मध्ये आपल्याच नवापुरात सापडला होता.

कोंबडी स्वतःचीच अंडी खायला लागली तर

मऊ अंड्यांच्या तक्रारीची ही पुढची पायरी. पातळ कवचाचं अंडं पायाखाली फुटतं, कोंबडी चाखून बघते, आवडतं, आणि मग घट्ट अंडीही फोडायला शिकते. एकीचं बघून बाकीच्या शिकतात. खोक्यातलं गवत ओलं-चिकट, कवचाचा मागमूस नाही आणि कुणाच्या तरी चोचीच्या कडेला वाळलेला पिवळा बलक दिसला की समजायचं.

अंड्यात तिखट भरून ठेवायचा उपाय सगळे सांगतात. मिरचीचा झोंबरेपणा पक्ष्यांना लागतच नाही. पोपट मिरच्या खातो तशी कोंबडी ते तिखट अंडं आरामात खाते, तुमचं एक अंडं तेवढं वाया जातं.

काम करतं ते असं. अंडी बहुतेक सकाळी अकराच्या आत पडतात, तेवढ्यात दोन-तीनदा उचला. चार-पाच कोंबड्यांमागे एक खोकं ठेवा, तोंडावर गोणपाटाची पट्टी लावून आत अंधार करा; दिसत नाही ते टोचत नाहीत. तळाला चार बोटं तूस किंवा भुसा घाला, म्हणजे अंडं आपटून फुटत नाही. खोक्यात अंड्याच्या आकाराच्या एक-दोन गुळगुळीत गारगोट्या ठेवा. टोचून टोचून चोच दुखली आणि हाती काही लागलं नाही की बऱ्याच जणी नाद सोडतात. याबरोबर शिंपल्याची वाटी आणि पुरेशी प्रथिनं हवीतच, नाहीतर फुटायला मऊ अंडं रोज मिळत राहील.

हे पंधरा दिवस नेटाने करूनही एखादी ऐकत नसेल तर तिला वेगळी काढा. सवय पक्की झालेली कोंबडी सहसा सुधारत नाही, आणि तिच्यापायी बाकीच्या बिघडतात.